घोंगडीवरच्या रेघा

नवरीचा बाप माझ्या स्टुडिओत आला तो पायांतल्या चपलांसकट. एरवी मंडळी दारातच चपला सोडतात, मी नको म्हटलं तरी सोडतात. हा माणूस तडक काउंटरपाशी आला, खिशातून मोबाईल काढला आणि लग्नानंतर मी पाठवलेल्या फोटोंपैकी एक माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"ताई, ह्ये काय हाय?"

फोटोत त्याची लेक होती, लाल शालूत, आणि तिच्या शेजारी खुर्चीत तिचा आजा. हे येडगावकडचं घर. मागच्या पिढीपर्यंत सगळे मेंढरांमागे हिंडायचे. आता शेती करतात, पोरं कंपन्यांत जातात. मेंढरं फक्त म्हाताऱ्यानं ठेवलीत. लग्नाला तो भर उन्हाळ्यात खांद्यावर काळी घोंगडी घेऊनच आला होता. कोणीतरी ती काढून ठेवायला सांगितली, तर म्हणाला, "मग मी बी भाईर बसतो." हळद लावताना नवरीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, बाकीचे कसे बी काढा, आज्यासंगट माझा एक चांगला काढा." म्हणून मंगलाष्टका झाल्यावर मी दोघांना स्टेजच्या कडेला नेलं, गर्दी हटवली आणि सावकाश फोटो घेतले. आजा कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, नातीच्या हातावरच्या मेंदीकडे बघत होता. असा क्षण मागून मिळत नाही.

मोबाईलवर मी तो फोटो बघितला. घाईत पाठवताना मी तो मोठा करून बघितलाच नव्हता. घोंगडीचा काळा रंग जांभळट झाला होता आणि त्यात वरून खाली बारीक उभ्या रेघा होत्या, कुणीतरी कंगवा फिरवल्यासारख्या. त्याच रेघा म्हाताऱ्याच्या सावलीतल्या गालावर चढल्या होत्या. शिवाय मागच्या भिंतीवर रुंद आडवे पट्टे, एक उजळ, एक काळपट. सगळ्यावर रवा पेरल्यासारखे दाणे.

"काहीतरी गडबड झालीय. मी दुरुस्त करून देते," मी म्हटलं.

"दुरुस्त? आमी काय परत लगीन लावायचं व्हय?"

तो ओरडत नव्हता, तेच जास्त लागलं. मोबाईल खिशात ठेवत म्हणाला, "समदे म्हनत व्हते, फोटूचं काम बाईमानसाला दिऊ नगं. म्या म्हनलं, न्हाई, बाई असली तर पोरी मोकळ्या बसतात, आतल्या खोलीतलं बी काढील. आता त्यांच्यापुढं कोणत्या तोंडानं जाऊ?"

आणि तो गेला.

माझा स्टुडिओ कळंबला, पुणे-नाशिक रस्त्यापासून जरा आत. लग्नाआधी मी मंचरला एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायचे. पुढे तिथल्याच मालकाबरोबर लग्नांचे फोटो काढू लागले, मग स्वतःचा गाळा घेतला. नवरा कांदा-बटाटा करतो आणि पिकअप चालवतो. माझ्या कामात तो पडत नाही, फक्त सामान उचलू लागतो. माझा जुना कॅमेरा थकला होता. शटर मधेच अडकायचं. म्हणून पुण्यातल्या एका मोठ्या दुकानातून मी नवा मिररलेस कॅमेरा घेतला होता. विकणाऱ्याने तेव्हा छातीठोक सांगितलं होतं, "मॅडम, अंधारातसुद्धा दिवसासारखा फोटो येणार." त्या कॅमेऱ्याचं हे पहिलं मोठं लग्न.

त्या दिवशी मी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि लग्नाचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. उन्हातले छान होते. कार्यालयाच्या आतले जवळजवळ सगळे नासले होते. नवरदेवाचा काळा कोट, करवल्यांचे केस, आजीच्या चष्म्यामागची सावली, जिथे जिथे काळं तिथे तिथे रेघा.

आमच्या आणि शेजारच्या तालुक्यातल्या लग्नवाल्या फोटोग्राफरांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यात बाई मी एकटीच. मी दोन फोटो टाकले आणि विचारलं, नवा कॅमेरा आहे, असं कशानं होतं? उत्तरं भराभर आली. "ताई, आयएसओ कमी ठेवा." (आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा; तो चढवला की दाणे वाढतात.) "आधी सेटिंग शिका." एकाने नवशिक्यांसाठीचा व्हिडिओ पाठवला. ज्याला मी स्वतः पहिलं काम मिळवून दिलं होतं, त्याने लिहिलं, "नाचता येईना अंगण वाकडं," आणि पुढे हसरे चेहरे. त्याच्याखाली बाकीच्यांचे हसरे चेहरे. मी मोबाईल पालथा ठेवला. इतकी वर्षं मी पेट्रोमॅक्सच्या उजेडात वराती काढल्या, पावसात गळणाऱ्या मांडवात काढल्या, तेव्हा मला सेटिंग येत होतं आणि कॅमेरा नवा घेतल्यावर विसरले?

त्यातल्या त्यात जुन्नरच्या एका जुन्या फोटोग्राफरने फोन केला. वयाने मोठा माणूस, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो.

"सायलेंट मोडवर होतीस का?" त्यांनी विचारलं.

"हो काका. मंगलाष्टका चालू असताना खटखट नको म्हणून. मग तसाच राहिला."

"त्या कार्यालयात नवीन एलईडी बसवलेत. ते विजेबरोबर लुकलुकतात, आपल्या डोळ्याला कळत नाही. सायलेंट मोडमध्ये कॅमेरा फोटो एकदम घेत नाही, वरून खाली ओळ ओळ वाचत येतो. तेवढ्यात दिवा मंद होतो, परत वाढतो. त्याचे पट्टे उमटतात. साधं शटर लाव, सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेव, जातील."

मला हायसं वाटलं आणि रागही आला. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत सायलेंट मोडचं कौतुक पानभर होतं आणि ही गोष्ट शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. विकणारा तर या विषयावर चकार शब्द बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच कार्यालयात गेले. तिथला व्यवस्थापक ओळखीचा. त्याला म्हटलं, जरा हॉलमधले दिवे लावून द्या. तो म्हणाला, "बिल कोण भरणार, ताई?" पण लावले. मी आधी सायलेंट मोडवर फोटो घेतले, मग साध्या शटरवर. काकांचं म्हणणं खरं निघालं. रुंद आडवे पट्टे पहिल्या फोटोंत होते, प्रत्येकात वेगळ्या जागी. साध्या शटरवर ते साफ गेले. मी आनंदाने व्यवस्थापकाला चहा पाजला.

स्टुडिओत येऊन तेच फोटो मोठे केले. हॉलच्या कोपऱ्यात काळे स्पीकर होते. त्यांच्यावर बारीक उभ्या रेघा तशाच होत्या.

काकांना परत फोन लावला. ते म्हणाले, "आता सोड गं. एवढं मोठं करून कोण बघतं?"

नवरीच्या बापानं बघितलं होतं, हाताएवढ्या मोबाईलवर. त्याला कुणी शिकवलं नव्हतं कुठं बघायचं ते.

मग दुकानात फोन केला. ज्याने विकला त्यानेच उचलला. सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, ते एलईडीमुळे होतं."

"एलईडीचे पट्टे वेगळे. ते मी घालवले. या रेघा वेगळ्या आहेत."

"मग आयएसओ जास्त असणार."

"कमी करून बघितला. सावलीत तरीही येतात."

तो म्हणाला, "सर आहेत का घरात? त्यांच्याशी बोलतो, त्यांना समजावून सांगतो."

सर त्या वेळी रानात कांद्याला पाणी देत होते. सरांना कॅमेऱ्याचं फक्त बटण माहीत आहे, चालू करायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "कॅमेरा मी घेतलाय. चालवते मी. समजावून मलाच सांगा." तो म्हणाला, "घेऊन या मग कधीतरी," आणि फोन ठेवला.

सगळे दिव्यांकडेच बोट दाखवत होते, म्हणून मी ठरवलं, जिथे दिवाच नाही तिथे जायचं. माझं माहेर डिंभ्याचं. एसटीचा भरवसा नाही, म्हणून सकाळीच जीपने निघाले. भाऊ तिथल्या धरणात मासे धरतो. त्याची होडी डांबर लावायला काठावर पालथी घातली होती. वर रणरणतं ऊन आणि होडीखाली गडद सावली. याहून चांगली परीक्षा कुठली? आयएसओ अगदी खाली ठेवला, शटर साधं, आणि होडीखालच्या काळ्या सावलीचे फोटो घेतले. मग भावाच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि सावली थोडी उजळली.

रेघा होत्या.

भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होता. "हितं कुठं आलीय लाईट? पार त्या वळणापत्तूर एक खांब न्हाई. मग लाईटीवर का ढकलत्यात?"

"त्यांना काहीतरी म्हणायला पाहिजे ना."

"तू जा त्यांच्याकडं आन् आपट म्होरं."

"आपटून चालत नाही रे. आधी पुरावा लागतो."

तो वैतागला. "जाळं फाटकं निघालं तर आमी दुकानात नेऊन दावतो, भोक दिसतंय का न्हाई बघ म्हनून. तुझं भोक दिसंना कुणाला, त्याला तू काय करशील?"

आईनं तोवर माशाचं कालवण केलं होतं. मी ताट बाजूला सारलं. आई म्हणाली, "यंत्रापायी अन्नावर राग काढू नगं." म्हणून जेवले.

कळंबला परतल्यावर मी पुरावाच करायला बसले. पोशाख बदलायला स्टुडिओत एक छोटी खोली आहे, तिला खिडकी नाही. त्यात दार लावून बसले, लेन्सवर झाकण लावलं, वरून काळं फडकं गुंडाळलं आणि फोटो घेतले. झाकण लावलेल्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो काळाकुट्ट यायला हवा. तो कॉम्प्युटरवर खूप उजळला तर कुठल्याही कॅमेऱ्याचे दाणे दिसतात. दाण्यांचं मला काही वाटत नाही, ते इकडे तिकडे विखुरलेले असतात, रांगोळी सांडल्यासारखे. पण माझ्या नव्या कॅमेऱ्याच्या फोटोत दाण्यांबरोबर रेघा उभ्या राहिल्या, मागावर ताणलेल्या सुतासारख्या. मी लेन्स बदलली. कार्ड बदललं. बॅटरी बदलली. कंपनीचं नवं सॉफ्टवेअर भरलं, सगळ्या सेटिंग मूळपदावर आणल्या. प्रत्येक वेळी काळा फोटो काढला आणि सगळे एकावर एक ठेवले. रेघ न् रेघ एकाच जागी. दिव्याचे पट्टे जागा बदलतात. या रेघा बदलत नव्हत्या. म्हणजे त्या बाहेरून येत नव्हत्या, कॅमेऱ्याच्या पोटातच होत्या.

जुन्या, थकलेल्या कॅमेऱ्यानेही तसाच फोटो काढला. दाणे नव्याहून जास्त, पण रेघ एकही नाही.

त्या कोंदट खोलीत घामाने निथळत मी बसले होते आणि मला आनंद व्हायला हवा होता, कारण मी बरोबर होते. पण मला ग्रुपमधले ते हसरे चेहरे आठवत होते. अंगण खरंच वाकडं होतं.

पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला नवरा मला पिकअपमधून घेऊन गेला. काउंटरवरच्या इंजिनिअरने माझे काळे फोटो बघितले आणि भुवया उंचावल्या. "तुम्ही झाकण लावून फोटो काढता?"

"तपासायला काढला."

"आणि तो एवढा उजळता? असं कोण करतं, मॅडम? कुठलाही कॅमेरा असा बघितला तर खराबच दिसेल."

"मग हा साधा बघा," म्हणून मी आजा-नातीचा फोटो पुढे केला. तो क्षणभर त्याकडे बघून म्हणाला, "इथे लाईट कमी आहे."

"लग्नात लाईट कमीच असते. काळे केस असतात, काळा कोट असतो, काळी घोंगडी असते. मी लोकांना पांढरे कपडे घालून या म्हणू का?"

त्याने कॅमेरा ठेवून घेतला. तपासून कळवतो म्हणाला.

कॅमेरा तिकडे होता त्या दिवसांत मी तो फोटो वाचवायचा खूप प्रयत्न केला. रंग काढून टाकला, मग जांभळेपणा गेला पण रेघा राहिल्या. एकेक रेघ हाताने पुसली, तर म्हाताऱ्याचा गाल मेणाचा झाला. त्या गालावर उन्हातान्हाच्या सुरकुत्या होत्या, त्या रेघांबरोबर गेल्या. असला गुळगुळीत आजा मी त्या पोरीला कसा द्यायचा? तो बदललेला फोटो मी पुसून टाकला.

शेवटी येडगावला फोन केला आणि नवरीच्या बापाला म्हटलं, आज्याचा आणि नातीचा फोटो मी परत काढून देते, जिथे म्हणाल तिथे येते. त्याने "बघू" म्हणून फोन ठेवला. पण दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. म्हाताऱ्यानं मेंढरं कळंबच्या पुढे एका शेतकऱ्याच्या रानात बसवली होती. पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवली की खत होतं, शेतकरी त्यासाठी बोलावतात. लेक सासरहून तिथेच येणार होती.

मी जुना कॅमेरा घेऊन गेले. बाप बांधावर माझ्याकडे पाठ करून उभा होता. म्हातारा वाघरीपाशी, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीपाशी, एका दगडावर बसला होता. खांद्यावर तीच घोंगडी.

"पुन्यांदा कशापायी?" त्यानं विचारलं.

"पहिल्या फोटोत रेघा आल्या, आजोबा. कॅमेऱ्यात खोट होती."

"मग ज्यानं इकला त्याच्या टकुऱ्यात घाल की. माझ्याकडं काय आलीस?"

नात हसली. तिच्या हसण्याबरोबर मी फोटो घेतला. संध्याकाळ व्हायला आली होती, उजेड पिवळा होता, म्हाताऱ्याची अर्धी बाजू सावलीत. जुना कॅमेरा दोनदा अडकला, तिसऱ्यांदा चालला. काळा रंग काळा आला. मी तिला मागच्या पडद्यावर दाखवला.

ती बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "लई चांगला आलाय, ताई. पन तो लग्नातला व्हता ना, शालूतला. मेंदी व्हती हातावर. तो आता कुठनं येनार?"

ती पोरगी बरोबर बोलली होती. हे सगळं ज्यांना सांगायला हवं, ते पुण्यात थंड हवेच्या खोलीत बसून मला झाकण का लावलं म्हणून विचारत होते.

त्यानंतर सर्व्हिस सेंटरचा फोन आला. "मॅडम, तपासणी झाली. कॅमेरा कंपनीच्या मर्यादेत आहे. घेऊन जा."

"मर्यादेत म्हणजे?"

"म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेत."

"ती मर्यादा किती आहे, मला दाखवाल?"

"ते आतलं असतं, मॅडम."

कॅमेरा घ्यायला मी गेले तेव्हा लॅपटॉप बरोबर नेला आणि तिथून थेट दुकान गाठलं. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही गाडीत थांबा. तो म्हणाला, "नाही, मलाही बघायचंय."

विकणाऱ्याने आम्हाला ओळखलं. माझ्यासमोर खुर्ची सरकवली आणि बोलायला लागला नवऱ्याशी. "सर, काय आहे, या कॅमेऱ्याला सेटिंग जरा समजून घ्यावं लागतं..."

नवऱ्याने त्याला अर्ध्यातच थांबवलं. "भाऊ, मी कांदे पिकवतो. मला काय सांगतोस? तिच्याकडं बघून बोल."

मी लॅपटॉप उघडला. "याच मॉडेलचा दुसरा कॅमेरा काढा. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघू."

"सील तोडता येत नाही, मॅडम."

"काचेत मांडलाय तो? तो तर उघडाच आहे. रोज लोक हाताळतात."

तो इकडे तिकडे बघू लागला. "तो शोरूमचा आहे."

"म्हणूनच म्हणते. काढा."

दुकानात आणखी गिऱ्हाईकं होती. एक बाप-लेक कॅमेरा बघत होते, तेही आमच्याकडे वळले. माझा आवाज चढला होता हे मला तेव्हा कळलं. पण मी तो खाली आणला नाही. फोनवर, ग्रुपवर, काउंटरवर, सगळीकडे मी हळूच बोलले होते आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

काचेतला कॅमेरा आला. मी त्यात माझं कार्ड घातलं, झाकण लावलं, सेटिंग सारखं केलं, फोटो घेतला. मग माझ्या कॅमेऱ्यात तेच. दोन्ही फोटो सारखेच उजळले. विकणाऱ्यालाच म्हटलं, तुमच्या त्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडा. त्याने जोडले.

डावीकडे शोरूमचा, नुसते दाणे. उजवीकडे माझा, वरपासून खालपर्यंत रेघाच रेघा. टीव्ही एवढा मोठा की दारातून येणाऱ्यालाही दिसावं.

"हे उजवीकडचं काय आहे?" शेजारच्या बापाने विचारलं.

आतल्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आला. टीव्हीकडे बघितलं, पहिल्यांदा तो बंद करायला सांगितला, मग मला आत बोलावलं. मी म्हटलं, इथेच बोलू.

"एखाद्या पीसमध्ये होतं असं, मॅडम."

"मग सर्व्हिस सेंटरने मर्यादेत आहे असं कसं सांगितलं?"

"त्यांचं वेगळं असतं. तुम्ही काळजी करू नका. आम्ही गुडविल म्हणून बदलून देतो."

"गुडविल कशाला? खराब होता म्हणून बदलून द्या."

"तेच ते."

"तेच ते नाही. गुडविल म्हणजे तुम्ही माझ्यावर मेहेरबानी केली. खराब होता म्हणजे तुम्ही मला खराब माल दिला."

तो नुसता हसला, दात न दाखवता. "तसं आम्हाला म्हणता येत नाही, मॅडम."

"मग एक करा. मी नंबर देते, येडगावला एका माणसाला फोन करा. त्याच्या लेकीच्या लग्नाचे फोटो गेलेत. त्याला एवढंच सांगा की बाईची चूक नव्हती, कॅमेरा खराब होता."

मॅनेजरने विकणाऱ्याकडे बघितलं, विकणाऱ्याने जमिनीकडे. "हे आमच्या पॉलिसीत बसत नाही."

इतका वेळ गप्प असलेला माझा नवरा म्हणाला, "मग तुमच्या पॉलिसीत बसतं तरी काय?"

सीलबंद खोका आला. मी तो तिथेच उघडायला लावला, तिथेच झाकण लावून काळा फोटो काढला, टीव्हीवर बघितला आणि मगच उचलला. स्वच्छ होता. बाहेर पडताना त्या शेजारच्या माणसाने मला थांबवून विचारलं, ताई, ती झाकणाची तपासणी आमच्या कॅमेऱ्यावर करून द्याल का? विकणारा मध्ये पडत म्हणाला, "सर, त्याची गरज नाही." मी परत आत जाऊन ती करून दिली.

पिकअपमध्ये बसल्यावर नवरा म्हणाला, "मिळाला ना बदलून? आता तरी हस." मला हसू आलं नाही. चाकणच्या गर्दीत गाडी तुंबली तेव्हा मी त्याला म्हटलं, कॅमेरा बदलून मिळाला, माझं नाव कोण बदलून देणार? तो बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिला.

येडगावला मी फोन केला नाही, स्वतःच गेले. दोन्ही काळे फोटो मोठ्या कागदावर छापून नेले. नवरीचा बाप ओट्यावर उसाच्या पावत्या बघत बसला होता. मी कागद पुढे ठेवले आणि सगळं सांगितलं, झाकणापासून टीव्हीपर्यंत. त्याने दोन्ही कागद उजेडाकडे धरून बघितले.

"म्हंजी मशीनच खराब व्हतं."

"हो."

"त्यांनी तसं लिवून दिलंय?"

"नाही. तसं म्हणायलाही तयार नाहीत."

"मग लोकांला मी काय सांगू?"

"जे दिसतंय ते सांगा."

तो कागदाकडे बघत राहिला. घरातून त्याच्या बायकोने चहा आणला आणि माझ्या शेजारी बसली. तिनेही कागद हातात घेऊन बघितले आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी त्या दिशी ताईला लई बोलला." तो म्हणाला, "बोललो. बोलनार न्हाई तर काय?" मग माझ्याकडे वळून, "ताई, आमच्या भावकीत म्या सांगीन. पन गावाचं तोंड मला धरता येत न्हाई, आधीच सांगून ठिवतो."

त्याला ते खरंच धरता आलं नाही. त्या हंगामात त्या बाजूच्या दोन-तीन गावांतून मला एकही लग्न आलं नाही. "त्या बाईच्या फोटोत रेघा येतात," एवढीच गोष्ट पुढे गेली. झाकणाची, टीव्हीची, बदललेल्या कॅमेऱ्याची गोष्ट लांबलचक, ती कोण कुणाला सांगणार? ग्रुपवर मी ते दोन्ही काळे फोटो टाकले आणि खाली तपासणी कशी करायची ते मराठीत सविस्तर लिहिलं. ज्याने अंगणाची म्हण टाकली होती त्याने अंगठा दाखवला. माफी नाही, शब्द नाही, नुसता अंगठा. काकांनी मात्र फोन करून म्हटलं, "मी त्या दिवशी सोड म्हणायला नको होतं."

आता काम परत येतंय. परवाच पारगावचं एक घर येऊन गेलं. मुलीची आई म्हणाली, बाईच पाहिजे आम्हाला. मी तारीख धरली, कॅमेरा तिच्यासमोर काढला, झाकण लावून फोटो घेतला आणि उजळून दाखवला. तिला त्यातलं काही कळलं नाही, ती म्हणाली, "अगं, असू दे, विश्वास आहे." मी म्हटलं, "तरी बघा."